सोमवारी हिवाळी माल उघडणारच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, धंदा गोधडीच्या कापडाची विक्री, आज पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणी दंडाला धरून बसवलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याबद्दल वकीलसाहेबांनी शंका घेतलेली नाही. मी मात्र सारखी खुर्चीवरून उठते आहे, पण त्याचे कारण भीती समजू नये. काल संध्याकाळी हिवाळी माल आला आणि त्यातले एक कापड असे आहे की ते पाहिल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

हे आत्ताच का लिहिते तेही नोंदवते. सोमवारी सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि सोमवारी सकाळीच दुकानात हिवाळी माल उघडायचा आहे. मी डॉक्टरांना विचारून पाहिले, "गुरुवारी केलंत तर नाही का चालणार?"

ते म्हणाले, "मला चालेल हो. तुमच्या हृदयाला चालणार नाही."

मग माझ्या धाकट्या जावेने, जिला या कागदात इथून पुढे धाकटी म्हटले आहे, असे सुचवले की मी बरी होऊन येईपर्यंत माल झाकून ठेवावा. त्यावरून आमचे चांगलेच वाजले. लोकांच्या अंगाला गारवा लागायला लागला आहे. त्यांनी गोधडी आत्ता शिवायला घेतली तर ती कडाक्याच्या थंडीत अंगावर येईल. तेव्हा माझ्या मालमत्तेची व्यवस्था या कागदात आहेच, पण खरी व्यवस्था सोमवारची आहे.

कलम पहिले : घर

दुकानाच्या वरच्या तीन खोल्या आणि गच्ची माझ्या मुलाला आणि सूनबाईला, दोघांच्या नावे. मुलगा गुणी आहे. त्याचे एकच म्हणणे मला पटत नाही. मागच्या वेळी घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, खालची जागा भाड्याने देऊ. तू नुसती आराम कर."

मी विचारले, "आराम करायचा म्हणजे काय करायचं?"

त्याने मला टीव्ही लावून दिला. म्हणून खालच्या जागेवर त्याचा हक्क राहणार नाही. त्याने राग मानू नये. त्याच्या लहानपणीची निळी-पांढरी गोधडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, तीही त्याचीच. एका कोपऱ्यात टाके मोठे आहेत ते त्याने स्वतः घातलेले आहेत, उसवू नयेत.

कलम दुसरे : दुकान

दुकान, त्यातला माल, फळ्या, शिडी, काचेचे दार आणि दारावरची घंटा हे सर्व धाकटीला आणि मास्तरांना सारख्या वाट्याने द्यावे. मास्तर म्हणजे आमच्याकडे कापड कापणारे गृहस्थ. कापायचा मोठा टेबल त्यांना वाट्याखेरीज वेगळा. त्या टेबलाला त्यांच्याइतके कोणी ओळखत नाही आणि त्यांना टेबलाइतके कोणी सहन करीत नाही.

धाकटीचे नाव वाचून गल्लीतले लोक तोंडात बोटे घालतील, म्हणून खुलासा करते.

माझे यजमान आणि धाकटे दीर दोघेही शर्टाच्या कारखान्यात होते. तिथून कातरणाच्या पिशव्या घरी यायच्या. धाकटी तेव्हा नवी नवरी. ती पिशवी फरशीवर ओतायची आणि रंगाला रंग लावत बसायची. मी त्याची गाठोडी बांधून घरोघर विकायची. तिच्याकडे डोळा होता, माझ्याकडे तोंड होते. त्यावर हे दुकान उभे राहिले.

पुढे दोघींचेही यजमान गेले, संसार अर्धे झाले. तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "जाऊबाई, आता कोणाला शिवत बसायला वेळ नाही. तयार ब्लँकेटं ठेवू या."

मी म्हटले, "माझ्या दुकानात प्लास्टिकची लोकर येणार नाही."

"माझ्या दुकानात?" ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. महिन्याभरात समोरच्याच गाळ्यात तिने दुकान थाटले आणि वर पाटी लावली : 'येथे शिवत बसावे लागत नाही.' ती पाटी मी रोज सकाळी दार उघडताना वाचली. मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याच्या लग्नातही आम्ही दोघी मंडपाच्या दोन टोकांना होतो. त्या पाटीबाबत माझे मत आजही बदललेले नाही आणि हे मृत्युपत्र त्या पाटीला माफी देत नाही.

परंतु दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट अशी. मास्तर जेवायला गेले होते. मी वरच्या फळीवरचा तागा काढायला शिडीवर चढले आणि छातीवर कोणी पाय दिल्यासारखे झाले. कशीबशी उतरले आणि खाली फरशीवरच बसले. समोरून धाकटीला एवढेच दिसले की शिडी लावलेली आहे, दारावरची घंटा वाजलेली नाही म्हणजे मी बाहेर पडलेली नाही, आणि शिडीवरही मी नाही. ती दुकानात गिऱ्हाईक तसेच सोडून धावत आली. गाडीत घालून मला दवाखान्यात नेताना म्हणाली, "डोळे मिटायचे नाहीत. बोलत राहा."

मी म्हटले, "तुझ्याशी काय बोलू?"

"शिव्या द्या. इतक्या वर्षांच्या साठल्या असतील."

साठल्या होत्याच. पाटीपासून सुरुवात केली ती दवाखान्याचे फाटक येईपर्यंत. गाडीवाल्याने आरसा दुसरीकडे वळवला. डॉक्टर नंतर म्हणाले की जागी राहिलात हे फार बरे झाले.

कलम तिसरे : नवे कापड

हे कलम मालमत्तेचे आहे असे वकीलसाहेबांना वाटत नाही. मला वाटते.

मी दवाखान्यात होते तेवढे दिवस धाकटीने आपले दुकान बंद ठेवून माझे चालवले. नेमका त्याच आठवड्यात कापडाच्या छापखान्याचा माणूस हिवाळ्याची मागणी घ्यायला आला. दरवर्षी मी त्याच्या नमुन्यांच्या पुस्तकातली फुले आणि ठिपके निवडते. धाकटीने पुस्तक मिटले, खाकी कागदावर पेन्सिलीने स्वतः चित्र काढले आणि निम्मी मागणी त्या एका चित्रावर लावून टाकली. आमच्या दुकानाचे स्वतःचे छापील कापड याआधी कधी झालेले नव्हते. घरी आल्यावर मला हे कळले तेव्हा मी विचारले, "कोणाला विचारून केलंस?"

"तुम्ही नळ्या लावून पडला होतात. नळ्यांना विचारू?"

कापड फसले तर या हिवाळ्यात दुकान उठणार हे तिला ठाऊक होते आणि मलाही. ती रोज दार उघडून रस्त्याकडे पाहायची आणि मी वरच्या खिडकीतून पाहायची.

काल गठ्ठे आले. मास्तरांनी दोरी कापली, पहिला तागा टेबलावर टाकला आणि एका झटक्यात उलगडला. संध्याकाळ पडतानाचा निळा रंग. त्यावर लहान-लहान खिडक्या, आतून उजेड असलेल्या, पिवळ्या, केशरी, एखादी गुलाबी. हातभर कापडात एकीसारखी दुसरी सापडणार नाही. एकीत मांजर बसले आहे. एकीत कोणी वाळत घातलेला मोजा आहे. एका खिडकीत उजेडच नाही. मी विचारले, "इथं कोणी राहत नाही का?"

धाकटी म्हणाली, "राहतात की. भांडून अंधारात बसली असतील."

मास्तर चांगल्या कापडालाही "ठीक आहे" म्हणतात आणि वाईट कापडालाही. काल त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "याला कातरी लावायची म्हणजे जिवावर येतं."

मी शिडीच्या पायरीवर बसून घेतले. छाती धडधडत होती. आजाराने की कापडाने, ते सोमवारी छाती उघडतील तेव्हा डॉक्टरांनाच दिसेल. या कापडाच्या चित्राचा हक्क सर्वस्वी धाकटीचा आहे. तागा संपत आला की पुन्हा छापून घ्यावे आणि खिडक्यांचा आकार कोणाच्याही सांगण्यावरून वाढवू नये.

कलम चौथे : जाहिरात

सूनबाईला सुईत दोरा ओवता येत नाही, पण दुकानाचे निरोप फोनवरून सगळ्या गिऱ्हाइकांना तीच पाठवते आणि मुद्देसूद पाठवते. पुढचा मजकूर तिला वेगळा लिहून दिला आहे, तो सोमवारी सकाळी तिने जसाच्या तसा पाठवावा.

'हिवाळी माल आला आहे. आमच्या दुकानाचे स्वतःचे पहिले छापील कापड, नाव "खिडक्या", फक्त आमच्याकडे. येऊन हात लावून पाहा. अस्तरासाठी मऊ फलालीन, सात रंगांत, धुतल्यावर आटणार नाही असे. कातरणाची गाठोडी रंग जुळवून बांधलेली, पहिली गोधडी शिवणाऱ्यांसाठी. शनिवारी दुपारी शिकाऊंची बैठक, सुई-दोरा दुकानाचा. टाके वाकडे आले तरी चालतील. घरात कोणाचा जुना शर्ट टाकवत नसेल तर घेऊन या, तो गोधडीत कसा बसवायचा ते दाखवू.'

त्यात माझ्या तब्येतीचा उल्लेख करू नये. लोक मग कापड घ्यायला येण्याऐवजी चौकशी करायला येतात.

कलम पाचवे : उरलेसुरले

बँकेत जे काही असेल ते शनिवारच्या बैठकीच्या सुईदोऱ्यासाठी ठेवावे.

शेजारच्या शिंप्याला माझी मोठी कातरी द्यावी. तो ती नेहमी 'एक मिनिट' म्हणून नेतो आणि तिने पुठ्ठे कापतो. आता तिला धार उरलेली नाही, सबब ती त्याच्याच योग्यतेची झालेली आहे.

आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, त्या घरी जाऊन कापड पुन्हा मोजतात आणि बोटभर कमी भरले म्हणून परत येतात. त्यांना माझी पितळी टोकांची मीटरपट्टी भेट द्यावी. त्यांची घरची पट्टी चुकीची आहे हा माझा दावा कायम आहे. आता त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहाव्यात आणि काय ते मनाशी कबूल करावे.

कलम सहावे : सोमवार

दुकान वेळेवर उघडावे. खिडक्यांचा तागा काचेजवळ उभा न ठेवता टेबलावर उलगडून ठेवावा. पहिले कापड धाकटीने स्वतःच्या हाताने कापून द्यावे, मास्तरांनी त्या वेळी सूचना करू नयेत.

दवाखान्यातून माझ्याविषयी काही बरेवाईट कळले, तर दुकानात असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नीट मोजून, घडी घालून कापड द्यावे आणि मगच शटर ओढावे. कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवू नये. दुसऱ्या दिवशी रडायला सवड काढावी, पण दुपारनंतर दुकान उघडावे.

मी परत आले तर हा कागद वकीलसाहेबांकडेच राहू द्यावा. धाकटी आणि मास्तर वाचन ऐकणारच आहेत, पण बाकीच्यांना वाटे कळले तर सगळे माझ्याशी गोड बोलू लागतील आणि ते मला मानवणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईने करावी.

येथवर मजकूर वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. सही करायला मी पेन उघडले तोच धाकटी पुढे झाली, "साक्षीदार म्हणून मी सही करते."

वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हाला नाही करता येणार. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष द्यायची नसते. मास्तरांनाही नाही."

"मग मला वाटा नको. सही द्या."

मी म्हटले, "अगं, वाटा घे आणि गप बस. सह्या करणारे पुष्कळ मिळतील."

ती गप बसली नाही. टेबलाच्या कडेला बोट फिरवत म्हणाली, "सगळं लिहिलंत. उन्हाळी मालाचं राहिलं. पातळ सुती कापड कोणी निवडायचं?"

खरोखरच राहिले होते. छापखान्याचा माणूस पुढच्या महिन्यात येणार आहे. मी म्हटले, "मी फिके रंग घेणार. उन्हाळ्यात लोकांना डोळ्याला थंड लागतं."

"फिके रंग दोन धुण्यांत मरतात. मी हिरवा घेणार, गडद."

"गडद हिरवा उन्हाळ्यात?"

"तुम्ही बऱ्या होऊन या आणि अडवा मला."

वकीलसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले. मी त्यांच्याकडून कागद ओढून घेतला आणि हे भांडण व खालचे कलम स्वतःच्या हाताने लिहिले. ते टंकलिखित नाही म्हणून कमी दर्जाचे समजू नये.

कलम सातवे, आणि शेवटचे : उन्हाळी माल दोघींनी मिळून निवडावा. दोघींपैकी एकच उरली, तर तिने दुसरीचे म्हणणे काय असते ते दुकानात मोठ्याने बोलून दाखवावे, त्याच्याशी मनसोक्त भांडावे आणि मगच मागणी नोंदवावी.

सही : (गोधडीवाल्या थोरल्या जाऊबाई)

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही :
१. कोपऱ्यावरचे औषधवाले
२. शाळेतल्या बाई (अस्तराचे कापड घ्यायला आल्या असता)

ठिकाण : दुकान, कापायचा टेबल
दिनांक : शनिवार, हिवाळी माल उघडण्याच्या आदल्या दिवसाचा आदला दिवस