गरम माल मोजता आला नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर

तीर्थरूप दाजींना विजयसिंहाचा साष्टांग नमस्कार. इकडं सगळे धडधाकट. गडहिंग्लजचा पाऊस आणि तुमचा गुडघा दोन्ही आता उघडले असतील अशी आशा आहे. आक्काची शुगर किती आली ते कळवा (तिला विचारू नका, रिपोर्ट बघा).

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, फौंड्री कशी चाललीय. मी म्हणालो, थंड आहे. ते खरंच होतं, कारण बुधवारी बँकेनं तिला सील लावलं.

झालं असं की आपण पुण्याच्या पंप कंपनीला पंपाची ओतीव कवचं द्यायचो आणि ती नव्वद दिवसांनी पैसे द्यायची. नव्वदाचे दोनशे दिवस झाले आणि कंपनीच दिवाळखोरीत निघाली. पैसे अडकलेल्यांची बैठक झाली, तिथं मीपण गेलतो. पुढं गादीच्या खुर्च्यांवर बँकांची माणसं, मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही. आम्हाला रुपयाला सहा पैसे मिळतील म्हणाले. गंमत म्हणजे पुढच्या रांगेत आपलीच बँक होती. तिनं तिथं तीनशे कोटींवर पाणी सोडलं आणि वर चहा घेतला. माझ्या कर्जाचे एक कोटी चाळीस लाख मात्र तिच्या फार जिव्हारी लागले.

बुधवारी सील लावायला निशिगंधा मॅडम आल्या (वय तिशीच्या आतलं, हातात फाईल, पायात पांढरे बूट, फौंड्रीत पांढरे बूट!). त्यांनी सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. आपला बाळासो, जो सव्वीस वर्षं भट्टीवर आहे, जागचा हलला नाही. म्हणाला, "मॅडम, आत सहाशे किलो लोखंड पातळ हाय. भट्टी आत्ता बंद केली तर सगळं आतच गोठंल. मग लिलावात काय इकणार? दगूड?"

मॅडमनी साहेबांना फोन लावला. अशा वेळी काय करायचं, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी दोन तास मिळाले. दाजी, आमच्या अकराजणांनी असं ओतकाम केलं की मी मालक असून कोपऱ्यात गप उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळं, असं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी रुमाल दिला.

तो माल चंदगडच्या काजू कारखान्याच्या यंत्रांचा होता आणि तो गेला तरच गड्यांचा दोन महिन्यांचा पगार सुटणार होता. हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं, बाळासोनं सांगितलं. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "माझे वडील सूतगिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा मी नववीत होते." आणि पंचनाम्यात लिहिलं, 'काही माल गरम असल्याने मोजता आला नाही.' टेम्पोत वाळू पसरून आम्ही माल चढवला, तेव्हा त्या पाठ करून गेटावर नोटीस चिकटवत होत्या. गेटाला तेल, नोटीस पडायची. चौथ्या वेळेला मीच धरली.

शनिवारी पगार वाटले. बाळासो शिरोलीला दुसऱ्या फौंड्रीत लागलाय आणि तिथल्या मालकाकडं त्यानं माझ्यासाठीही शब्द टाकलाय. "अनुभव काय?" असं मालकानं विचारलं म्हणे. बाळासो म्हणाला, "उधारीवर माल कुणाला द्यायचा न्हाय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक न्हाय." सोमवारपासून जातोय.

आपला,
विजयसिंह

ता. क. नव्या भट्टीच्या पूजेला तुम्ही आला होता, तेव्हा जेवायच्या आधी तीन कागदांवर सह्या केल्या होत्या. कशाच्या म्हणून विचारलंत आणि मी म्हणालो, पाहुण्यांची नोंद. ती जामीनदारांची नोंद होती. बँकेचं रजिस्टर पत्र येईल. घाबरू नका, पण पोस्टमनला दारातच गाठा.

ता. क. २. आक्काला सांगायला मी रविवारी स्वतः येतोय. तिच्या पाया पडण्याआधी सांगू की नंतर, तेवढं उलट टपाली कळवा.