लानची तोंडी परीक्षा

६ जून २०११, सोमवार. अकोला

लान आज पुन्हा अंगणात उभी राहून ओरडत होती. सकाळी, नळ यायच्या वेळेला. तिच्या देशात पोरं अशीच शिकतात म्हणे. उजाडलं की मोकळ्यावर उभं राहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. सगळी गल्ली पाण्याचे गुंड घेऊन नळावर, आणि आमची नातसून तुळशीकडे तोंड करून इंग्रजीत भांडते आहे जशी. समोरची काशीबाई म्हणाली, काय वो, पोट्टीच्या अंगात येते काय? मी म्हटलं, हाव, इंग्रज येतो.

सागर नागपूरला क्लासला जाताना सांगून गेला, आजी, घरात काय होतं ते लिहून ठेव, आई फोनवर नीट सांगत नाही. मला अक्षर नाही. म्हणून मी सांगते आणि त्याची आई लिहिते. आई म्हणजे सुनंदा, माझी सून. नाव लांब आहे, तिनंच सु. करून टाकलं. दहावी शिकली आहे आणि कोणाला विसरू देत नाही. मी 'काहून' म्हटलं की ती 'का' लिहिते. लिही बाई, हेही लिही.

सागर चीनला डॉक्टरकी शिकायला गेला आणि डिग्रीसोबत बायको घेऊन आला. इथल्या परवान्याची परीक्षा वेगळी, त्याचाच नागपूरचा क्लास. आता दोघांचं ठरलं आहे ते असं. लानला अमरावतीच्या कॉलेजात पुढं शिकायचं. त्यांची इंग्रजीची परीक्षा आधी, लेखी आणि तोंडी. पास झाली तर दोघं इथं. नाही झाली तर दोघं तिकडं, तिच्या मामाच्या दवाखान्यात. सु.ला ही सून नको होती. पण ही नापास झाली तर पोरगा जातो. मोठी मजा आहे सु.ची.

'मजा' खोडू नको, सु.

९ जून, गुरुवार

शेजारच्या नसीम बाजी संध्याकाळी येऊन बसतात. उर्दू शाळेत इंग्रजी शिकवत होत्या, आता रिटायर. लानचे पेपर तपासले. म्हणाल्या, अम्मा, लेखीत ही मला शिकवेल. पण बोलायला लावलं की पाठ केलेलंच बोलते. विचारा एक, सांगते दुसरं. तोंडी परीक्षेत हे चालत नाही.

मी विचारलं, तोंडीत काय विचारतात?

काहीही विचारतात. घर, गाव, घरची माणसं. सोपंच.

सु. भाजी निवडत होती. हळूच म्हणाली, सोपंच अडते.

१४ जून, मंगळवार

सागर एका दिवसासाठी आला होता. सु.चा भाऊही आला, चांदूर बाजारकडचा. सरकीच्या पिशव्या घ्यायला आला होता, घेतल्या नाहीत. पेरावं का नको, अजून ठरलं नाही त्याचं. त्याच्या गावात पुन्हा एका शेतकऱ्यानं औषध घेतलं म्हणे, ओळखीतलंच घर. माझा वसंता जिनिंगवर कापसाची प्रत पाहतो, तो म्हणाला, गाड्याच येत नाहीत तर पाहू काय.

तेवढ्यात लान आतून ओरडली, "सागर! चहा!"

सासरा बसलेला, मामेसासरा बसलेला. सु. उठून आत तिच्याकडे गेली. मला ऐकू येत होतं. मोठ्या माणसांसमोर नवऱ्याचं नाव नाही घेत. अहो म्हण. हे म्हण. लान म्हणाली, "रूल?" सु. म्हणाली, "हाव. रूल."

झालं. ह्या पोरीला एकदा रूल सांगितला की देव आला तरी मोडत नाही. संध्याकाळी सागर निघाला तर ही दारातून, "अहो, पोळी घेतली?" पोरगं लाजून लाल. सु. खूश.

सु.ला मी आठवण करून दिली. लग्न होऊन आलीस तेव्हा वसंताला बोलवायला ताट आपटत होतीस. तीन ताटांना पोचे आहेत अजून.

(ताटं जुनीच होती. — सु.)

माझ्या वहीत मधे बोलायचं नाही.

१८ जून, शनिवार

नसीम बाजींनी इंग्रजी पेपर आणून दिला, मोठ्यानं वाच म्हणाल्या. लान वाचत होती. मधेच अमरावती ऐकू आलं, मग विदर्भ, मग यवतमाळ. मी म्हटलं, आपलं काय आलं गं? ती थांबली. हिंदी-मराठी कालवून म्हणाली, "आजी, शेतकरी... मेले." किती, ते बोटावर दाखवायला लागली. मी बोटं धरली तिची.

नंतर तिनं ते सगळं पाठ केलं. तोंडीत गाव विचारलं तर हे सांगणार. इंग्रजी चांगलं आहे म्हणे त्यातलं. मी म्हटलं, नको. इंग्रजीत आमचं दुसरं काहीच येत नाही काय? तू आठ महिने राहिली इथं, तू काय पाहिलं ते सांग. ती विचारात पडली. पाठ नसलेलं सांगायचं म्हणजे तिला विहिरीत उडी मार म्हटल्यासारखं होतं.

मग एकदम हसली, म्हणाली, आजी मिरची भाजते, सगळी गल्ली खोकते. हे चालेल?

चालेल. खरं आहे.

२१ जून, मंगळवार

आता मी परीक्षा घेते. खुर्चीवर बसते, वसंताचा चष्मा लावते. समोर लान. नसीम बाजी प्रश्न विचारतात, मी पाहते. इंग्रजीतलं मला एक अक्षर कळत नाही, पण पोरगी पाठ केलेलं म्हणायला लागली की डोळे छताकडे जातात. डोळे वर गेले की मी चष्मा काढून ठेवते. चष्मा निघाला की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. आज पुष्कळदा निघाला.

सु. दारात उभी होती, हात पुसत. एकदा म्हणाली, "तिले भाऊ-बहीण विचारा, तिथं नाई अडत." लक्ष आहे म्हणजे. मी बोलले असते तर गेली असती.

सागरचा फोन. तिकडच्या मामानं जागा राखून ठेवली आहे, राहायला खोलीसुद्धा. उशीर नको म्हणतात. सु.नं फोन वसंताकडे दिला.

२४ जून, शुक्रवार

लेखी झाली. सु. सोबत गेली होती, सकाळच्या गाडीनं अमरावतीला. एकटी पाठवू नका, वाट चुकेल, असं सु. स्वतःच म्हणाली. वाट कशी चुकेल, आठ महिन्यांत ती पोरगी भाजी आणायला सारा अकोला फिरली आहे. असो.

येताना अमरावतीचा गिला वडा आणला. लान म्हणाली, आजी, पेपर सोपा. मग म्हणाली, आईनं माझं पाणी धरलं, पर्स धरली, छत्री धरली. सु. म्हणाली, तिचे हात मोकळे पाहिजे ना लिहायला.

आज सु.नं हे सगळं न खोडता लिहिलं.

२८ जून, मंगळवार

तोंडी आज. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. डाळ खाली लागली. वसंता जिनिंगवर गेला नाही, काम नाही म्हणाला. खरं कारण मला माहीत आहे.

दुपारनंतर दोघी आल्या. लान सरळ आत गेली. सु.नं चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

काय झालं विचारलं तर म्हणाली, झालं.

आज लिहायला बसायला तयार नव्हती. मी म्हटलं, एवढंच लिही. एवढंच लिहिलं.

२९ जून, बुधवार

लाननं नसीम बाजींना सांगितलं, बाजींनी मला. आता मी सु.ला सांगते आणि ती लिहिते. पेन घट्ट धर, सु.

तिघं बसले होते. दोन बाया आणि मधे एक म्हातारे सर, पांढरे केस. सु.ला दाराशी खुर्ची दिली होती. सुरुवात चांगली झाली. गाव विचारलं, लाननं मिरची सांगितली, बाया हसल्या. शिक्षण विचारलं, सांगितलं. मग म्हाताऱ्या सरांनी विचारलं, लग्न झालं का? झालं. नवऱ्याचं नाव काय?

लान गप्प.

त्यांना वाटलं ऐकू नाही आलं. पुन्हा विचारलं, हळू, सुटं सुटं करून, लहान पोराला विचारतात तसं. लाननं दाराकडे पाहिलं. दाराशी सासू. समोर पांढरे केस. तिनं सासूकडे पाहिलं, विचारलं डोळ्यांनी. घेऊ?

आणि सु.नं मान खाली घातली.

हात थांबला हिचा. थांबू दे. पाणी पी.

लिही. सु.ला प्रश्न कळला होता. दहावीचं इंग्रजी आहे, हजबंड तर कोणालाही कळतं. ती म्हणते, मले वाटलं आपण परीक्षेत इशारा केला तं पोरीले बाहेर काढतील. म्हणून खाली पाह्यलं. लानला वाटलं, नाही म्हणतात. मग ती सरांना म्हणाली, "ही... माय ही." नवऱ्याला म्हणायच्या 'हे'चं इंग्रजी केलं तिनं. सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. थँक्यू म्हणाले.

चिनी पोरीला नवऱ्याचं नाव विचारलेलं कळत नाही, म्हणजे इंग्रजी येत नाही. त्यांचंही काय चुकलं?

नसीम बाजी म्हणाल्या, उखाणा तरी घ्यायचा होता इंग्रजीत. कोणी हसलं नाही, त्या स्वतःही नाही.

लान सकाळी अंगणात आली नाही. नळावर काशीबाई विचारत होती, इंग्रज गेला काय?

३० जून, गुरुवार

सु. लानशी बोलत नाही. लान सु.शी बोलत नाही. राग नाही दोघींना. लान म्हणते मी चुकले, सु. काहीच म्हणत नाही. सागरला कळवलं नाही अजून. तो रोज विचारतो, कशी झाली तोंडी? वसंता सांगतो, तिले विचार. ती म्हणते, आईंना विचारा. सु. अंघोळीला गेलेली असते. एवढी अंघोळ ह्या घरात लग्नाच्या वेळेसही कोणी केली नव्हती.

दुपारी मी म्हटलं, "सु., तू काहून जात नाई त्या कॉलेजात?"

"मी जाऊन काय सांगू, आत्याबाई?"

"झालं ते."

"मराठीत?"

"मंग काय चिनीत सांगतं?"

उठून गेली. रागानं नाही. लुगड्याच्या पेटीकडे गेली.

१ जुलै, शुक्रवार

सु. एकटी अमरावतीला जाऊन आली. लग्नानंतर पहिल्यांदा एकटी. एका पदराला तीन पिना लावून गेली होती.

सर भेटले नाहीत सकाळी, मग भेटले. तिथं काय बोलली ते मला अर्धंच सांगते. आपल्याकडची रीत सांगितली. पोरीला प्रश्न कळला होता हे सांगितलं. रीत मीच शिकवली हेही सांगितलं. एक बाई म्हणाल्या, अहो पण ती चिनी आहे ना? सु. म्हणाली, "चिनी असन, पण सून माही आहे."

हे सांगायचं नव्हतं तिला, तोंडातून निघून गेलं. मी पुन्हा सांग म्हटलं. नाही सांगितलं. लिहिलं मात्र.

सर म्हातारे आहेत. म्हणाले, माझ्या आईनं जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. पण कॉलेजचे नियम असतात, एकट्याच्या हातात नसतं. बाकीच्या दोघींशी बोलतो. पुन्हा बोलवायचं ठरलं तर सोमवारपर्यंत फोन येईल. नाही आला तर जे झालं तेच.

लान दारातच उभी होती. सु.नं तिच्या हातात पिशवी दिली. गिला वडा. गार झालेला. दोघींनी उभ्यानंच खाल्ला.

४ जुलै, सोमवार

फोन नाही. दुपारपर्यंत नाही. वसंता फोनजवळ बसला आहे आणि पेपर वाचतो असं दाखवतो. पेपर कालचा.

सागरला काल सगळं सांगितलं. लाननंच सांगितलं, न रडता, चिनीत. तो म्हणाला, आठवडाभर मामाला थांबवतो. त्यापुढं नाही थांबणार ते.

सु. म्हणाली, बोलावलंच तर तयारी नको का? चष्मा आणून माझ्या हातात दिला. लानला समोर बसवलं आणि प्रश्न स्वतः विचारला. नवऱ्याचं नाव काय, इंग्रजीत. दहावीचं निघालं बाहेर. लाननं माझ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. सु.नं ह्या खेपेला मान खाली घातली नाही. वर-खाली हलवली, चांगली जोरानं.

"सागर," लान म्हणाली. "माय हजबंड्स नेम इज सागर."

मग तिनं तोच प्रश्न सु.ला विचारला. पोरगी आहे बदमाश, माझ्यावर गेली. सु. पेपराकडे बघत राहिली. पेपर हलत नव्हता. मग म्हणाली, "वसंतराव." एवढंच. वसंताचा पेपर खाली आला. ह्या घरात आजपर्यंत त्याला रावसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं.

आता दोघी माझ्याकडे बघताहेत. लान विचारते आहे. प्रश्न मला इंग्रजीतला एवढाच येतो आता, ऐकून ऐकून. कळला नाही असं म्हणता येत नाही.

उखाण्यात ह्यांचं नाव घेतलं मी, लग्नात, बारशात. ते गाण्यात जातं. नुसतं, सरळ, समोरच्या माणसाला सांगायचं म्हणून कधी घेतलं नाही. ते जाऊन किती वर्षं झाली, तरी नाही. रेशनवाल्यालाही वसंताला पुढं करून सांगायला लावलं.

ओठावर आहे. सु. पेन धरून बसली आहे, लिहून घ्यायला.

मी म्हटलं, फोन येऊ दे. पोरगी पुन्हा बोलायला गेली की सांगीन.

"आणि नाई आला तं?" सु. म्हणाली.

सु., खाली नावापुरती एक ओळ मोकळी सोड.

.....................