दोन क्लॅरनेट

बाबा, गेल्या महिन्यात अमरावतीला काकांच्या मुलाचं लग्न झालं. वरातीत तुमच्या बँडचं एक जुनं गाणं लावलं होतं. ते मी निवडलं होतं, आणि त्यावर कोणी नाचलं नाही. हे काकांशी बोलता येत नाही, आईशी तर नाहीच, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

काकांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामावर होते. मी श्रवणयंत्रं तपासते. यंत्रातून बाहेर पडणारा आवाज मूळ आवाजाशी किती जुळतो ते मोजायचं, एवढंच काम. काका म्हणाले, "डीजे तर हायेच. पण भावाच्या बँडचं एक तरी गाणं वाजलं पायजे माया पोराच्या वरातीत. तू काढ निवडून. पोट्टे नाचले पायजे असं काढ." रजा टाकून अकोल्याला आले तर आईनं तुमची पत्र्याची पेटी आधीच खाली काढून ठेवली होती. वर लाल कोट, खाली कॅसेटी. ती म्हणाली, "काकाले काय पायजे ते दे. मले फक्त त्यायच्या क्लॅरनेटचा आवाज अलग काढून दे. ढोल नको, बाकीचे नको." तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. घरात तुमचं बोलणं कुठेच टेप केलेलं नाही. त्यामुळे ती काय मागते आहे ते मला समजलं, आणि सोपं वाटलं.

या कॅसेटी तुम्ही गिऱ्हाइकाला ऐकवायला केल्या होत्या. गिऱ्हाईक फार नव्हतं. मोठ्या बँडांकडे गाणारे होते, झगमगीत गाड्या होत्या. "दुसरे बुक झाले का मंग लोक आपल्या दुकानात येते," हे तुम्हीच सांगायचात आणि तुम्हीच हसायचात. टेप जनरेटरच्या गाडीवर ठेवलेला असायचा, मागे. तुम्ही नवरदेवाच्या घोड्यापुढे. म्हणून कॅसेटवर आधी जनरेटर ऐकू येतो, मग ढोल, मग नाचणाऱ्यांचे पाय, आणि सगळ्यांत लांब क्लॅरनेट. काकांचं काम मी पायांवरून केलं. जलद गाण्यांवर पाय ठेक्याला एकत्र पडतात, शिट्ट्या येतात, कोणीतरी "अजून एक डाव, मास्तर" म्हणून ओरडतं. अशी तीन गाणी वेगळी ठेवली. संथ गाण्यांत पाय घासत चालतात, बांगड्या वाजतात. ती बाजूला केली.

आईचं काम मात्र होईना. संगणकावर जनरेटरचा आवाज काढला, ढोलाचा खाली नेला, तरी क्लॅरनेट दोन उरले. एक तुमचं, एक जोडीदाराचं. ते काही केल्या सुटे होत नाहीत. सूर एक, सुरुवात एक, शेवट एक. तुमच्या एकट्याच्या वाजवण्याचा नमुना असता तर जुळवून पाहता आलं असतं. तो कुठेच नाही. मग बार्शीटाकळीला तुमच्या जोडीदाराकडे गेले. दात गेले तेव्हापासून त्यांनी वाजवणं सोडलं आहे. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बोटं मांडीवर चालत होती.

"यातले बाबा कोणते?"

"हा मी असन." पुन्हा ऐकून म्हणाले, "नाई तं मास्तर असतीन."

"म्हणजे तुम्हालाही सांगता येत नाही?"

"कसं सांगू, माय? दोघं मिळून एकच वाजवा लागे. मी श्वास घेतला का ते धरत, ते थांबले का मी. अलग ऐकू आलं का मास्तर तिथंच डोळे वटारत. चार वर्षं लागले मले त्यायच्यासारखं वाजवाले." मग हसून म्हणाले, "आता तू म्हणून राहिली, अलग करा."

परतीच्या एसटीत मला तिसरीतला एक दिवस आठवला. अकोल्यातलीच कोणाची तरी वरात आहे. मी बँडच्या मागे चालत आले आहे आणि बायकांच्या घोळक्यात शिरून नाचते आहे. तुम्ही येता, माझा दंड धरता आणि म्हणता, "आपण वाजवणारे हाओत. आपल्या वाजवण्यावर आपण नाचत नाई. घरी जाय." मला तेव्हा दंड दुखल्याचं लक्षात राहिलं होतं. आता वेगळंच दिसतं. तुम्ही क्लॅरनेट तोंडातून काढलं होतं, आणि गाणं थांबलं नव्हतं. बँडचा मास्तर बाजूला झाला आहे हे त्या रस्त्यावर कोणालाच कळलं नाही.

बाजूला केलेल्या एका संथ गाण्यात शेवटी मला एक जागा सापडली. तिथे एक क्लॅरनेट श्वासाला थांबतं आणि दुसरं एकटंच सूर धरून राहतं. सगळ्या कॅसेटींत तेवढं एकच ठिकाण स्वच्छ मिळालं. मी काकांना ती तीन गाणी दिली नाहीत. हे दिलं.

वरात मंगल कार्यालयाच्या अलीकडे आली तेव्हा डीजे थांबवून ते लावलं. पोरं हात वर केलेली तशीच उभी राहिली, मग हळूहळू हात खाली आले. एक म्हणाला, "काहून बे, मयतीचं लावलं का?" काका एकटेच मध्ये गेले. हात पसरून दोन गिरक्या घेतल्या, बाजूला पाहिलं, एका व्याह्याला खुणावलं. तो हसला, आला नाही. काका रुमालानं तोंड पुसत कडेला आले आणि माझ्याकडे न बघता डीजेवाल्याला म्हणाले, "चालू कर बा तुयं."

गाण्यातली ती जागा तोवर होऊन गेली होती. ती जागा आली तेव्हा आईनं माझं मनगट धरलं होतं. "यातला त्यायचा कोणता?" मी म्हटलं, "हा. आता वाजतो आहे तो." ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हाव. तेच."

तेवढा तुकडा मी तिच्या फोनमध्ये घालून दिला आहे. ती रोज सकाळी चहा उकळेपर्यंत तो लावते. फोनवर बोलताना मला मागून ऐकू येतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि घरातही ठेवणार नाही. आई कागद वाचते. मी तिला "हा" म्हणाले तेव्हा मला माहीत नव्हतं, बाबा. अजूनही नाही. तो तुकडा मी इतक्यांदा ऐकला आहे, आणि तुम्ही वाजवता आहात की तुम्ही थांबला आहात, हे मला ओळखता येत नाही.