चौथ्या गल्लीचा अंदाज

सोमवार, ३
आले एकदाची. ताईने जिन्यातच मिठी मारली आणि लगेच, किती वाळलीस गं, सुरू झालं. खाली तिचं शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या, त्यातली एक माझी. आरोग्य कार्यालय चालत सात मिनिटं. शहरात तापाची साथ आहे, आणि उद्या कुठल्या गल्लीत किती जण आजारी पडतील ते गणिताने सांगणं हे माझं काम. नर्सबाई घरोघर फिरून कार्डं भरतात, कारकूनकाका ते आकडे संगणकात घालतात, त्यावरून माझं गणित उद्याचा अंदाज काढतं. तो बघून साहेब ठरवतात, नर्स आणि रुग्णवाहिका कुठे पाठवायची. साहेब जरा तुसडे आहेत, पण टेबल खिडकीजवळचं मिळालं.

गुरुवार, १३
माझे अंदाज असे जुळतायत की मलाच खरं वाटेना. आमच्या चौथ्या गल्लीत शून्य म्हटलं, शून्यच निघाले. बाराव्या गल्लीत सहा म्हटलं, सहाच. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, चक्क. दुकान बंद ठेवू का, असं ताई विचारत होती. मी म्हटलं, वेडी आहेस का, आपल्या गल्लीत काही नाही, खुशाल मापं घे. बरंय, घरातच ज्योतिषी बसवलाय मी, म्हणाली.

सोमवार, १७
समोरचा सायकलवाला तीन दिवस दिसला नाही. आज त्याच्या दारावरून जाताना आतून भिंतीवर थापा ऐकू आल्या. हळू, थांबून थांबून. दार ढकललं तर घरातली तिघंही तापाने जमिनीवर, आणि त्याची बायको तळहाताने भिंत बडवतेय. हाक मारायला घसाच उरला नव्हता तिला. पाणी पाजलं, रुग्णवाहिकेला फोन केला. चालक म्हणाला, चौथी गल्ली यादीत नाही, तिथे शून्य आहे, गाडी येणार नाही. ते शून्य माझंच होतं.

मंगळवार, १८
कार्डांचा गठ्ठा काढला. आमच्या गल्लीचं शेवटचं कार्ड सात तारखेचं. अंदाज शून्य, म्हणून साहेबांनी नर्सला तिकडे पाठवणंच बंद केलं होतं. मग रोजची शून्यं आली कुठून? काकांना विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, रकाना रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकत नाही, म्हणून कार्ड नसलं की तुझाच कालचा अंदाज टाकतो, तुझं काम अडायला नको. निम्म्या गल्ल्यांची हीच गत.

दहा दिवस माझं गणित स्वतःचंच उष्टं खात होतं आणि मी मिरवत होते. डोकं फिरलं. काकांवर ओरडले, मग साहेबांवर. ते म्हणाले, आकडे वरपर्यंत गेलेत, आता बदलले तर सगळ्यांचीच शोभा होईल, महिनाअखेरीस बघू. माणसं मरतायत हो, म्हटलं. त्यांनी पंखा वाढवला.

बुधवार, १९
ताईला ताप. मापाची फीत अजून गळ्यात. सायकलवाल्याच्या बायकोचा ब्लाउज शिवत होती, शुक्रवारी माप घेतलं होतं. मी खुशाल घे म्हटलं म्हणून. मीच म्हटलं.
साहेबांनी माझा पासवर्ड बंद केलाय. नालायक माणूस.

गुरुवार, २०
स्वतः गल्लीत दारोदार फिरले. नऊ आजारी. आता दोन्ही बाजूंच्या भिंतींतून थापा येतात.
नऊचा कागद काकांपुढे आपटला. नोकरी जाईल, म्हणाले. जाऊ दे, तुमच्या हाताने भरलंय, तुमच्याच हाताने खोडा. खोडलं. शून्याच्या जागी नऊ लिहिलं.
पण अंदाज निघतो तो उद्याचा. गाडी उद्या.
ताई, एक दिवस. फक्त एक—

शुक्रवार, २१
थापा कमी झाल्यात.
ताई बोलत नाही. पाणी ओठांतून बाहेर—

गाडी आली. गाडीतल्या माणसाच्या हातात यादी, त्यावर नऊ. आधी आमच्याकडेच आला. ताईचं मनगट धरलं. बराच वेळ धरून बसला. मग पेन काढलं, नऊ खोडलं, आठ लिहिलं—

खोडू नका म्हणतेय मी. हात गरम आहे तिचा. ऐकतच नाही मेला. मी स्वतः मोजलंय, ताईला धरून नऊ, ताईला धरून—