रडणं ऐकू आलं तर धावू नये

गुरुजी, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायचा तर आधी आवाज आठवावा लागतो. मग त्याच्या मागून टोपी, जाड काचांचा चष्मा, खडूनं पांढरी झालेली बाही असं एकेक येतं. मी अमरावतीला असते. संध्याकाळी देवापुढं दिवा लागला, प्रार्थना झाली, दिवसाचा खर्च मांडून झाला की थोडा वेळ उरतो. त्या वेळात जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर हे लिहिते आहे. न पाठवायच्या पत्राला चांगला कागद घालवणं मला पटत नाही, तुम्हांलाही पटलं नसतं. गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेले होते. तिथं मला जे कळलं ते कुणाला सांगायचं म्हटलं तर एकट्या तुम्हांलाच, म्हणून लिहायला बसले.

दर्यापूरकडच्या आपल्या त्या गावात शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं अंगण. इतिहासाचा तास आला की तुम्ही पुस्तक उघडायचे, धडा एकदा शुद्ध भाषेत वाचायचे आणि मिटून कपाटावर ठेवून द्यायचे. त्यानंतर तुमची बोली बदलायची. धडा पुण्याच्या बोलीत आणि गोष्ट आपल्या बोलीत, हे तुमचं ठरलेलं होतं. वऱ्हाडातल्या कापसाच्या तेजीबद्दल पुस्तकात उण्यापुऱ्या दोन ओळी होत्या: अमेरिकेत युद्ध पेटलं, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यामुळे वऱ्हाडचा भाव चढला. त्या दोन ओळींवर तुम्ही आम्हांला पंधरवडाभर बसवलं. मुलं गाड्या होतात, मुली बैल होतात, आणि वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत अमरावतीच्या बाजाराची रांग लागते. रेल्वे नुकतीच आपल्या मुलखात शिरते आहे, दलाल गावोगाव फिरत आहेत, गडी गाडीखालीच झोपत आहेत. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवतो, कुणी चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव ठोकतो. आम्ही टाळ्या पिटायचो. आमच्या टाळ्या थांबेपर्यंत तुम्ही वाट बघायचे आणि मग हळूच विचारायचे, की सारी जमीन कापसाखाली गेली तर त्या साली ज्वारी कुणी पेरली? वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्प होण्यासाठीच तुम्ही आधी चांदी दाखवत होता, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव दंडार होते, ढोलकीवर सोंगं, गाणी, थट्टामस्करी. तुमच्या डोक्यात आलं की या साली शाळेची दंडार बसवायची आणि त्यात हीच गोष्ट घालायची. मला ज्वारी असून नाही म्हणणाऱ्या सावकारिणीचं काम दिलं. मी ते जरा जास्तच झोकात करायची, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं होतं, की ती बाई राक्षसीण नव्हती, तिच्याही घरात लेकरं होती, नाही म्हणताना तिनं खाली बघितलं असेल. गोष्टीतली दुसरी बाई म्हणजे कापूस वेचणारी मजुरीण. पांढऱ्याशुभ्र शेतात, कापसाची ओटी पोटाला बांधलेली असताना ती उपाशी मरते, आणि तिची लेक तिच्याजवळ बसून रडते. लेकीचं काम माझ्या मैत्रिणीकडे होतं. माझ्या शेजारी बसायची ती, तुम्ही तिला मुंगी म्हणायचे. तिला काही केल्या रडता येईना. रडायला लागली की हसू फुटायचं, मग आम्हीही हसायचो. शेवटी तुम्ही तिला सांगितलं की घरी जा, आजीजवळ बस आणि मयतीला बाया कशा रडतात ते विचार. आपल्याकडच्या जुन्या बाया नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्या गोष्टी सांगत, सुरात रडतात. तिची आजी त्यात गावात पहिली होती.

तालमीला ती आजीचं रडणं घेऊन आली. पहिली हाक निघाली आणि ढोलकीवाल्या मुलाचा हात तसाच थांबला. हसणं सोडाच, आम्हांला एकमेकींकडे बघवेना. थोड्या वेळानं अंगणाच्या फाटकाशी माणसं जमायला लागली. बायांनी चुली विझवल्या होत्या, पीठ तसंच परातीत टाकलं होतं, कारण मयत उठेपर्यंत गावात चूल पेटत नाही. एक म्हातारा तर तिरडीसाठी बांबू तोडून घेऊन आला होता. कोण गेलं, कोण गेलं म्हणत सारे आत शिरले तर मधोमध ही पोरगी बसलेली आणि तिची सोंगातली मेलेली आई डोळे उघडून बघते आहे. हशा झाला, शिव्याही झाल्या. बांबूवाल्या म्हाताऱ्यानं तुम्हांला विचारलं की आता हा बांबू तुमच्याच नावानं ठेवून देऊ काय. तिची आजी मात्र हसली नाही. ती तुमच्यासमोर येऊन उभी राहिली.

“गुरुजी, मेल्याबिगर हे रडणं गळ्यातून काढत नसतेत. हे रिकामं नाई जात.”

तुम्ही हात जोडलेत. पण तुमच्या चेहऱ्यावर मला आनंदही दिसला होता, आणि का दिसू नये? शंभर वर्षांपूर्वीच्या एका उपाशी बाईसाठी आज गावानं चुली विझवल्या होत्या. कुठल्या मास्तराला हे जमलं असतं? रडणं काढून टाकायचं तुमच्या मनात आलं नाही. गावाला रोज धावायला लागू नये म्हणून तुम्ही सरळ मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी कोतवालानं डफडं वाजवून साऱ्या गल्ल्यांत पुकारलं.

“आयका हो आयका! शायेतल्या पोट्टीचं रडणं आयकू आलं तं कोणी धावू नये. पोट्ट्यायची दंडार हाये!”

लोक हसले आणि लोकांनी ऐकलं. त्यानंतर ती घरी रडायची, पाणी भरताना रडायची, बांधावर बसून रडायची, आणि बाया म्हणायच्या, चालू द्या, तालीम आहे.

मग वेचणीचे दिवस आले. अर्धा वर्ग शेतात. त्या दिवशी तीही आईबरोबर गेली होती, ओढ्याकाठच्या त्यांच्या टीचभर शेतात, दोघीच. तुम्ही फळ्यावर नकाशा काढता आहात. खिडकीतून वारा ओढ्याकडून येतो आहे, आणि त्या वाऱ्यावर तिचा आवाज येतो. तुम्ही खडू थांबवता. मान तिरकी करून ऐकता. आम्हीही ऐकतो. आवाज चढतो, तुटतो, पुन्हा आईला हाक मारतो. तुमचे डोळे चमकतात.

“ऐका,” तुम्ही म्हणता, “आता जमलं तिला.”

आणि खडू पुन्हा चालायला लागतो.

शेजारच्या शेतातल्या बायांनीही ते ऐकलं होतं. त्यांनीही वेचणी थांबवली नाही. दिवस कलताना कापसाची गाठोडी आणायला गेलेल्या गाडीवाल्याला त्या दोघी दिसल्या. तिच्या आईला पान लागलं होतं. सापाचं नाव आम्ही अजूनही घेत नाही, असंच म्हणतो. शाळेच्या पायरीवर गाडीवाल्यानं तुम्हांला सांगितलं तेव्हा तुम्ही अनवाणीच चालायला लागलात. त्या रात्री गावात चूल पेटली नाही, पण स्वयंपाक तोवर सगळ्यांचे झालेले होते.

आजीचं बोलणं खरं झालं असं गाव म्हणालं. मी देवाचं करते, उपास पाळते, मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जाऊन बसते, तरी हे मी मानत नाही. देव एखाद्या पोरीच्या रडण्यावरून तिच्या आईला उचलत नाही. तुम्हीही ते मानलं नसणार. तुमचं दुखणं वेगळं होतं, ते दवंडीचं होतं. दंडार झाली नाही. तुम्ही पुस्तक कपाटावर ठेवणं बंद केलं. भाव वाढले, भाव पडले, पुढचा धडा काढा. आम्ही गाड्या व्हायला उठलो तर तुम्ही हातानंच खाली बसवलं. पुढं तुमची बदली पातूरकडे झाली, आणि तिथली मुलं म्हणे तुम्हांला झोपाळू मास्तर म्हणायची. ते ऐकून मी एकटी पडल्यासारखी रडले होते.

मॅट्रिक होऊन, लग्न होऊन मी अकोल्याला नातेवाइकांकडे जायची तेव्हा, तुम्हीही तोवर तिथंच राहायला आला होता, तुम्हांला भेटून यायची. चहा व्हायचा, माझ्या मुलांची चौकशी व्हायची. मी चप्पल घालायला लागले की तुम्ही दारापर्यंत यायचे आणि एवढंच विचारायचे, “मुंगीची आई जागीच गेली होती ना?” मी म्हणायची, हो गुरुजी, जागीच. गावात सारे तसंच सांगत होते. तुम्ही मान हलवायचे. दर वेळी दार लावायच्या आधी तुम्हांला ते ऐकायचं असायचं, आणि आजारपणात शेवटचं भेटले तेव्हाही तेच ऐकून तुम्ही कूस बदललीत.

मुंगी आता अकोल्यातच असते, आजी झाली आहे. तिच्या नातीच्या शाळेनं जुन्या माणसांना बोलावलं होतं, मुलांना आपल्या भागाचा इतिहास सांगा म्हणून. तिला विचारलं तर तिनं नाही म्हटलं आणि मला पुढं केलं. मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा वर्गासमोर उभी राहिले, आणि तोंड उघडलं तर तुमचीच बोली निघाली. मुलं गाड्या झाली, बाक सरकवून त्यांनी बाजार भरवला, चांदीच्या धावेला टाळ्या पडल्या. मी वाट बघितली आणि ज्वारीचं विचारलं. वर्ग गप्प झाला, गुरुजी. अगदी तसाच. मजुरणीपाशी आल्यावर मी नुसतं “ती गेली” म्हणून पुढं सरकले. मागच्या बाकावर मुंगी मांडीवर हात ठेवून बसली होती.

घरी आल्यावर ती भाकरी थापायला बसली. मी पाटावर. मग ती तव्याकडे बघत म्हणाली, “माई माय जागीच नाई गेली व.”

ती आपणहून सांगत गेली. आईनं बांधाला टेकून पाय धरला होता. हिला जितक्या मोठ्यानं ओरडता येत होतं तितक्या मोठ्यानं ही ओरडली, आणि तिला सगळ्यात मोठ्यानं येत होतं ते आजीचं रडणं. तेच निघालं. आईनं तिच्या हातावर चापट मारली.

“रडू नोको, पय. गावात जाय. तुया रडण्यानं आता कोणी नाई येत.”

ही पळाली नाही. आईला एकटीला सोडायची भीती वाटली, म्हणून तिचं डोकं मांडीवर घेऊन आणखी जोरात रडत राहिली. बांधावरचं ऊन सरून जाईपर्यंत आई बोलत होती. हे तिनं नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकरांना नाही. माझ्या तोंडून तुमचा आवाज ऐकला आणि तिला राहवलं नाही, असं म्हणाली. मग भाकर उलटून तिनं विचारलं, “गुरुजीले माहीत होतं काय?” मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात भाकर वाढली. ती मी खाल्ली. कशी खाल्ली, देव जाणे.

तेव्हापासून मी मनात रस्ते मोजते. ओढ्यापासून गाव, गावातून बैलगाडी, दर्यापूरचा दवाखाना. कधी वाटतं पोचली असती, कधी वाटतं त्या काळी काय होतं तिथं, नसतीच वाचली. तुम्ही हयात असता तर हे तुमच्यापुढं ठेवायला हवं होतं, कारण खरं काय घडलं ते सांगायला तुम्हीच आम्हांला शिकवलं. पण मी मला ओळखते. मी अकोल्याला आले असते, चहा प्याले असते, तुम्ही दारापर्यंत येऊन विचारलं असतं, आणि मी पुन्हा म्हणाले असते की हो गुरुजी, जागीच. तुम्ही नाही आहात, म्हणून हे खोटं बोलण्यातून मी सुटले. तुमच्या नसण्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं आहे.