खेळातल्या गावाला पाणी

४ नोव्हेंबर २००६

प्रशांत दिवाळीहून पुण्याला परतला. जाताना संगणकावर शहर बांधायचा खेळ बसवून गेला. डॉ. म्हणाले होते, ह्यांच्या डोक्याला रोज काम हवं. शब्दकोडी ह्यांना आवडत नाहीत. विसरणं वाढतं आहे. काल चहाचा कप खाली ठेवला आणि चहा मागितला. मी दिला नाही. चिडले.

माझं मत प्र.ला स्पष्ट सांगितलं: निवृत्त माणसाच्या हातात हा खुळखुळा कशाला? म्हणाला, "आई, महिनाभर बघ तर."

९ नोव्हें.

सकाळी अंघोळ झाली की बसतात. नोकरी सगळी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे आधी टाकी, मग रस्ता, मग घरं. लोडशेडिंगमध्ये एकदा अख्खं गाव गेलं. पुन्हा बांधलं.

आज निकाल दिला. "यात दम नाही. पाइप टाकला की पाणी. ठेकेदार नाही, उन्हाळा नाही, नगरसेवक नाही. कोणीही चालवंल."

तक्रार जुन्या आवाजातली होती. ऑफिसात साहेब असताना बोलायचे तशी. बरं वाटलं.

१५ नोव्हें.

गजानन आला होता. ह्यांचा पुतण्या, कळंबजवळ शेती. कापसाची गाडी बाजारात रांगेत लावून जेवायला आला. पानं लाल पडली म्हणाला, बोंडं पिचकी. जेवण झाल्यावर ह्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसला. बराच वेळ पडद्याकडे पाहत होता.

"काका, या गावात लोकं येऊनच राह्यले. जात कोणीच नाही काय?"

"सोप्या पातळीवर कोणी जात नाही."

"मंग एक घर खाली ठेवा. मी येतो राहाले."

दोघं हसले. मीही. मग गजानन स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा मला सांगितलं, त्याच्या शेजारचं घर दसऱ्यापासून बंद आहे. माणसानं फवारणीचं औषध घेतलं, बाई लेकरं घेऊन माहेरी. काकांना सांगू नका म्हणाला. मी सांगणार नव्हतेच. पेपरचं पहिलं पानही आता ह्यांना वाचून दाखवत नाही. आतलं वाचते.

२ डिसें.

ह्यांनी खेळाची पातळी 'कठीण' केली. तीही पुरेना. म्हणून स्वतःचा नियम लावला: गावाला पाणी पाळीनं. एकदा खालचा भाग, एकदा वरचा. जन्मभर जे केलं तेच.

खेळाला पाळी कळत नाही. पाणी तोडलं की घरांवर लाल थेंब चमकतो, थोड्या वेळात लोक सामान बांधतात. हे त्यांना जाऊ देत नाहीत. सामान बांधायच्या आत पाइप जोडतात, तोवर दुसऱ्या भागाचा तोडलेला. वरच्या लोकांची समजूत राहावी म्हणून तिकडे बाग, दवाखाना. सगळं डोक्यात. मी मागे विणत बसते. पाहण्यासारखं असतं, कबूल.

प्र. फोनवर म्हणाला, खेळ करणाऱ्यांनाही हे सुचलं नसेल.

खेळ सोपाच आहे. ह्यांनी तो अवघड केला. एवढं मत बदललं.

११ जानेवारी २००७

तिळगूळ केला. गूळ चांगला नव्हता.

गावातला वरचा भाग काळा पडला. घरं ओसाड झाली की खेळ ती काळी दाखवतो. हे मात्र खाली बाग लावत बसलेले. विचारलं, वरच्यांची पाळी कधी?

"कालच देल्ली."

दिली नव्हती. मी मागेच होते.

१६ जाने.

काल पुन्हा. आज पुन्हा. वरची घरं बुलडोझरनं पाडली आणि म्हणाले, इथं वस्ती कधी नव्हतीच. संगणक बंद केला. जेवले नाहीत.

१९ जाने.

दु. हे झोपल्यावर मी संगणकावर बसले. पातळी 'सोपी' केली. वरच्या भागाला घरं दिली, पाइप जोडला. वेळ लागला, मला त्यातलं काही येत नव्हतं.

संध्या. ह्यांनी उघडलं. भरलेली घरं पाहिली. "पाहिलं? तग धरला गावानं."

वरण दोनदा मागून घेतलं.

मी शाळेत भूगोल शिकवला. काठावरच्या मुलीला एक गुण वाढवून दिला नाही. मुख्याध्यापक सांगत, तरी नाही.

८ फेब्रु.

रोजचं झालं. हे झोपले की मी तुटलेलं जोडते. आता हात चालतो. आज बाजारपेठेजवळ शाळाही बांधली, विनाकारण.

प्र.ला काही बोलले नाही. तो विचारतो, बाबांचं गाव केवढं झालं? खूप मोठं, म्हणते. त्याच्या आवाजात इतका आनंद असतो की पुढे काही—

नळ आज आले. भांडी भरून घेतली.

२१ फेब्रु.

नीट लिहून ठेवते.

दुपारी ह्यांनी खेळ उघडला, लगेच उठून उभे राहिले. "वरचा व्हॉल्व कोण खोलला?" मी म्हटलं, कोणी नाही. "पाळी खालच्याइची होती. मोर्चा येईन उद्या." समजावलं की खेळ आहे. ऐकलं, खुर्चीत बसले. मी दळण आणायला गेले. आले तर दार उघडं, चपला नाहीत, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट नाही.

शेजारी, चौक, बसस्टँड. मग सुचलं.

इथल्या, खऱ्या वरच्या टाकीच्या फाटकाशी होते. तिथल्या चौकीदारानं खुर्ची देऊन बसवलं होतं, पंचा ओला करून डोक्यावर दिला होता. मला पाहून हळूच म्हणाला, "बाई, मी सायबाले सांगतलं, पाणी बंद केलं म्हून. तवा बसले." ऊन फार होतं.

ऑटोत माझा हात धरला. लोकांसमोर कधी धरत नाहीत.

"सुमन, मी रिटायर झालो ना?"

"हो."

"मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"

२२ फेब्रु.

प्र.ला सगळं सांगितलं. टाकीचं, आणि सोप्या पातळीचंही. म्हणाला, खेळ काढून टाक, दोघं पुण्याला या, इथं मी आहे. मी म्हटलं, तिथं ह्यांना रस्ता तरी ओळखीचा आहे का? इथे निदान चुकीच्या जागी ओळखीचा माणूस भेटला.

रविवारी येतो आहे. बाबा स्वतः किती करू शकतात ते एकदा पाहतो म्हणाला, मग ठरवू. मदत करू नकोस, आई. हे मला, माझ्या मुलानं सांगावं.

२४ फेब्रु.

सकाळी ह्यांचं डोकं लख्ख होतं. पेपर स्वतः घेतला. "पहिलं पान कुठं हाय?" दिलं. पूर्ण वाचलं, घडी घातली, गजाननला फोन लाव म्हणाले. बोलले. पावसाचं, बैलांचं, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं. बंद घराचं विचारलं नाही, पण फोन ठेवताना म्हणाले, येत जाय रे, एकटा राहू नको.

मग संगणक. कोपऱ्यात पातळी लिहिलेली असते, तिच्यावर बोट ठेवलं.

"हे तू केलं?"

"हो."

"कायले?"

"गाव ओसाड पडत होतं."

"पडू दे. माह्यं गाव हाय." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू सोपं करून देशीन, तं मी हाओ का गेलो, हे मले कसं समजंल?"

पातळी पुन्हा कठीण करायला सांगितली. कुठे करायची ते त्यांना सापडेना. मी केली. दुपारी झोपले तेव्हा संगणकाच्या खोलीत गेले नाही. गादीवर पडून राहिले, झोप नाही.

२५ फेब्रु. रविवार

प्र. पहाटेच्या बसनं आला. बापाच्या पाया पडला, ह्यांनी त्याला बरोबर ओळखलं, बारीक झालास म्हणाले. चहा झाल्यावर दोघं खेळाच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले, तर म्हणाले, तू जा, मागं उभी राहू नको.

स्टूल ओढून ओट्यावर वही ठेवून लिहिते आहे. भाजी चिरायची आहे.

माऊसचा आवाज येतो आहे. सावकाश. मधे थांबतो, पुन्हा येतो. प्र. काहीतरी सांगायला गेला, ह्यांनी त्याला गप्प केलं.

आत्ता मोठ्यानं म्हणाले, "वरच्याइची पाळी."

बरोबर की चूक, इथून दिसत नाही.

मी उठले नाही.