ठणठणीत कोकरू

३ नोव्हेंबर
आले एकदाची! प्राणिसंग्रहालयात राखणदार म्हणून पहिला दिवस. ताईला आणि तिच्या गाईला सोडून यायचं जिवावर आलं होतं. बाटलीनं दूध पाजून वाढवलंय मी त्या गाईला. इथे माझ्याकडे गव्याची मादी, गाभण. नखरे बघून नाव ठेवलं बाईसाहेब! चारा टाकला की आधी नाक मुरडणार, मग उपकार केल्यासारखा खाणार. म्हातारे राखणदार, सगळ्यांचे काका, यांनी हाताला धरून काम शिकवलं. बाबा गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी शिकवलं नव्हतं. शेजारचा गोठा रिकामा आहे. तिथला नर दुसरीकडे पाठवला म्हणे.

९ नोव्हेंबर
इथल्या मेंढ्यांच्या गोठ्याचं छप्पर गळतंय. काकांच्या सांगण्यावरून आठ कोकरं त्या रिकाम्या गोठ्यात आणली. चालेल ना, विचारलं तर हसले. अगं, मेंढी ती, वाघ नव्हे, म्हणाले. बाईसाहेब गजांतून नाक घालून त्यांना हुंगत बसतात. एक कोकरू सारखं माझी बाही चघळतं. लबाड कुठलं!

१२ डिसेंबर
बाईसाहेबांनी चाऱ्याला तोंड लावलं नाही. नाकातून घट्ट शेंबूड. डोळ्यांवर कडेनं पांढरी साय चढतेय. डॉक्टर उद्या येतील. काकांनी घाईघाईनं कोकरं वाटून टाकली. माझं लाडकं मला दिलं, ताईकडे पाठव म्हणाले, गाईला सोबत होईल. किती विचार करतात माझा!

१४ डिसेंबर
बाईसाहेब गेल्या. पोटातलं पिल्लूही. डोळे पार पांढरे, तरी माझा आवाज आला की मान वळवत होत्या.
डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, की जवळ मेंढ्या होत्या का. विषाणू मेंढीच्या अंगात असतो, तिला काही होत नाही. गाय-गवे मात्र सहसा वाचत नाहीत. आजार दिसायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. मी काकांकडे बघितलं. हिनंच आणल्या, मला न विचारता, असं म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून.

१५ डिसेंबर
औषधांच्या कपाटात जुना अहवाल सापडला. रिकाम्या गोठ्यातला तो नर कुठे गेलाच नव्हता. इथेच मेला, याच रोगानं. मेंढ्या गव्यांजवळ कधीही ठेवू नयेत, असं लिहिलंय. खाली काकांची सही.
म्हणजे कोकरू माझ्या हातात देताना —
ताईला फोन केला. तीन दिवस ते गाईच्या गोठ्यात होतं. आता परसात बांधलंय.

८ जानेवारी
नोकरी गेली. ताईकडे आले. निघताना काकांना विचारलंच. म्हणाले, थोड्या दिवसांत काही होणार नाही वाटलं; माझी नोकरीची दोनच वर्षं उरलीत, तू तरुण आहेस. आणि कोकरू? ते कुठेतरी द्यायचंच होतं.
मेल्या, माझ्याच घरी?
कोकरू मारवत नाही. द्यावं तर ज्याला देऊ त्याची गाय —

२७ जानेवारी
रोज सकाळी गाईचे डोळे बघते. काळेभोर. आजही. हुश्श.

२ फेब्रुवारी
चारा तसाच. ताई म्हणते, गारठ्यानं असेल. नाक वाहतंय —

३ फेब्रुवारी
उजव्या डोळ्याच्या कडेला — नाही, उजेड पडला असेल — पुन्हा बघितलं. साय.
हाक मारली. मान वळवली तिनं. पण मी इकडे उभी, आणि ती तिकडे बघतेय — ताईला कसं सांगू —
परसातलं दावं तुटलंय. कोकरू आत आलंय, उड्या मारत, ठणठणीत. माझी बाही चघळायला ला—